अ‍ॅक्स विकत, बूट भाड्याने

मार्च सरत आला की ग्रुपवरच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. कुणाला मे महिन्यातल्या गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जागा मिळालेली असते, कुणी जूनमध्ये मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर निघालेलं असतं. प्रश्न ठरलेला: "ताई, आइस अ‍ॅक्स कोणती घेऊ?" म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड. सोबत तीन-चार लिंका आणि बाकदार दांड्याच्या, लाल-काळ्या, शस्त्रासारख्या दिसणाऱ्या एखाद्या टूलचा फोटो. बुटांचं सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर जाता जाता, "बूट आहेत माझ्याकडे, वॉटरप्रूफ. चालतील ना?"

नाही चालणार. दरवर्षी हेच वेगवेगळ्या लोकांना टाइप करून बोटं दुखली, म्हणून यंदा एकदाच सविस्तर लिहिते.

बर्फावर तुमचं काय होणार ते बरंचसं बूट ठरवतात, अ‍ॅक्स नाही. आणि तरीही माझा सल्ला असा, की पहिल्या एक-दोन मोहिमांसाठी अ‍ॅक्स विकत घ्या आणि बूट भाड्याने. "म्हणजे महत्त्वाची वस्तू उसनी आणि दुय्यम वस्तू स्वतःची? हा काय व्यवहार झाला?" असं माझा नवरा म्हणाला होता. तो अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे त्याला पटवायला मला नीट हिशेब मांडावा लागला. तोच इथे देते.

आधी कोर्सवाल्यांचं उरकते, कारण ते सोपं आहे: काहीच घेऊ नका. गिर्यारोहण शिकवणारी उत्तरकाशीची एनआयएम असो, मनालीची संस्था असो की दार्जिलिंगची एचएमआय, बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायचे धातूचे दात), अ‍ॅक्स, हार्नेस सगळं त्यांच्या स्टोअरमधून मिळतं. जवळजवळ चार आठवडे ते वापरायचं असतं. फुकटात इतका वेळ दुसऱ्याचे बूट घालून बघायला मिळणं ही चैन आहे, ती सोडू नका. फक्त स्टोअरसमोरच्या रांगेत मागे पन्नास जण उभे आहेत म्हणून पहिला हाती आलेला जोड उचलू नका. तिथेच बसा, मोजे घाला, नाड्या आवळा, उभे राहा, पायरीवर पुढच्या बाजूला ठोकर मारून बघा. इन्स्ट्रक्टर ओरडले तर ओरडू देत. त्या पाच मिनिटांच्या लाजेपोटी लोक पुढे महिनाभर फोड घेऊन फिरतात.

आता ते "माझ्याकडे आहेत" वाले बूट. आपण सह्याद्रीतली माणसं. आपल्याला बुटाकडून काय हवं असतं? तळ मऊ हवा, वाकायला हवा, बेसॉल्टच्या ओल्या कातळावर चिकटायला हवा, बोटांना खालचा दगड कळायला हवा. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने उतरताना हेच गुण जीव वाचवतात. बर्फावर हेच गुण दोष ठरतात. कडक बर्फाच्या उतारावर तुम्ही बुटाच्या पुढच्या दीड-दोन इंचांवर उभे असता. बाकी पाऊल हवेत. तळ वाकला की सगळं वजन पोटऱ्यांवर येतं आणि अर्ध्या तासात पोटऱ्या थरथरायला लागतात. शिवाय मऊ बुटावर क्रॅम्पॉन बसत नाही. बसवलाच, तर चालताना बूट वाकतो, लोखंड वाकत नाही, आणि नेमक्या नको त्या जागी क्रॅम्पॉन सुटून लोंबकळतो.

कातळाचे बूट आणि बर्फाचे बूट हे भांडण जुनं आहे. १९३५ साली इटलीत पुंता राझिका या शिखरावर गिर्यारोहकांचा एक गट गेला. त्या काळी पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट घालायचे आणि कातळ लागला की हलके, मऊ तळाचे. वर असतानाच हवा बिघडली, खडक बर्फाळले आणि त्या हलक्या पादत्राणांवर त्यांना धड उतरताही येईना. त्या गटातले सहा जण दगावले, विताले ब्रामानी वाचला. पुढे त्याने दोन्हीकडे चालेल असा खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. आज तुमच्या बुटाखाली पिवळ्या अष्टकोनात 'व्हायब्रम' लिहिलेलं दिसतं, तो हाच. १९५४ साली के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियनांच्या पायातही तोच तळ होता. पण तळाचं रबर चांगलं असणं वेगळं आणि तळ ताठ असणं वेगळं. तुमच्या ट्रेकिंग शूजवरही व्हायब्रमचा छाप असू शकतो. त्याने ते गिर्यारोहणाचे होत नाहीत.

ताठपणा मोजायची एक ब्रिटिश पद्धत आहे, ती दुकानांतही चालते. बूट बी-० ते बी-३, क्रॅम्पॉन सी-१ ते सी-३. बी-० म्हणजे आपले ट्रेकिंगचे, क्रॅम्पॉनसाठी नाहीतच. बी-१ थोडे ताठ. त्यांना पट्ट्यांनी बांधायचे सी-१ क्रॅम्पॉन लागतात. बी-२ चांगले ताठ, टाचेमागे एक खाच असते. त्यावर सी-२ बसतो, म्हणजे पुढे प्लॅस्टिकची कमान आणि मागे खटकन लागणारा लिव्हर. बी-३ फळीसारखे, पुढे-मागे दोन्हीकडे खाच. त्यावर तिन्ही प्रकार चालतात. उलट दिशेने मात्र जाता येत नाही: सी-३ ची पुढची तार अडकायला पुढची खाचच लागते, ती बी-२ ला नसते. म्हणून बूट ठरले की क्रॅम्पॉन ठरला. आधी क्रॅम्पॉन घेऊन मग त्याला बूट शोधणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांना बी-२ किंवा बी-३ आणि बारा दातांचे, स्टीलचे सी-२ क्रॅम्पॉन, यापलीकडे काही लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे हलके क्रॅम्पॉन मऊ बर्फासाठी ठीक. दगड-बर्फ मिसळलेल्या जागी त्यांचे दात लवकर बोथट होतात. खाली अँटी-बॉलिंग प्लेट आहे ना, ते नक्की बघा. जूनमध्ये दहा वाजल्यानंतरचा मनालीकडचा बर्फ इतका ओला असतो की प्लेट नसेल तर चार पावलांत पायाखाली गोळा तयार होतो आणि दात बर्फाला लागतच नाहीत.

सिंगल की डबल? डबल म्हणजे आत वेगळा उबदार बूट आणि बाहेर कवच, पूर्वी प्लॅस्टिकचं, आता बहुधा कापडी-सिंथेटिक. फ्रेंडशिप ५,२८९ मीटर आहे. जूनमध्ये चांगले उबदार, ताठ सिंगल पुरतात असं माझं मत. ऑक्टोबरमध्ये मी डबलच घालेन. लडाखमधल्या कांग यात्से-२ सारखं ६,००० मीटरच्या वरचं काही असेल तर कुठल्याही महिन्यात डबल. पाय चालताना गोठत नाहीत, थांबल्यावर गोठतात. रात्री बारा-एकला निघायचं, पुढच्या दोरावरचा कुणीतरी क्रॅम्पॉन नीट करत बसणार, तुम्ही वीस मिनिटं एका जागी उभे, उजाडायला अजून चार तास. बूट त्या वीस मिनिटांसाठी निवडायचे असतात. आणखी एक: डबलचा आतला बूट रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपता येतं. सिंगल ओले झाले की सकाळी दगड झालेले असतात.

आता हिशेबाकडे. चांगले डबल बूट म्हणजे आपल्यासारख्या नोकरदाराचा जवळजवळ महिन्याचा पगार. मनालीत नि लेहमध्ये ते दिवसाला काही शे रुपयांनी मिळतात. तुम्ही वर्षाआड एकदा जाणार असाल, तर पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच मांडा. "पण निदान बूट घरात तरी राहतील ना?" नवऱ्याने विचारलं. इथेच खरी गोम आहे. राहत नाहीत.

बऱ्याच बुटांत वरचा भाग आणि रबरी तळ यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतलं बाष्प त्याच्यात शिरतं आणि त्याच्या साखळ्या तोडत जातं. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. उष्ण आणि दमट हवेत हे जोरात चालतं, आणि बूट वापरा अगर न वापरा, चालतंच. उलट नुसते पडून राहिलेले बूट हमखास दगा देतात. डोंबिवलीतलं माझं कपाट म्हणजे या प्रयोगाची आदर्श प्रयोगशाळा: चार महिने पाऊस, पुढे ऑक्टोबरचा उकाडा, मागून खाडीची हवा. आमच्या ग्रुपमधल्या एकाने हौसेने घेतलेले, जेमतेम वापरलेले महागडे बूट काही वर्षांनी बॅगेतून काढले. वरून नवेकोरे. फ्रेंडशिपच्या वाटेवर, धुंडीच्या पुढे, बकरथाचला पोचायच्या आत एकाचा तळ जिभेसारखा लोंबायला लागला आणि आतून ओल्या भुशासारखं काहीतरी गळू लागलं. पॅराकॉर्डच्या दोरीने बांधून तो बिचारा परत फिरला. लडाखमधली कोरडी, थंड हवा बुटांना मानवते, आपली मानवत नाही. म्हणजे त्या दुकानदाराचं गोदाम हेच तुमच्या बुटांचं योग्य घर आहे.

मात्र भाड्याचे बूट डोळे मिटून घ्यायचे नसतात. मोहिमेच्या आदल्या संध्याकाळी नाही, निदान एक अख्खा दिवस हातात ठेवून दुकानात जा. दुपारनंतर जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि उंचीवरही सुजतात. डबल असतील तर आतला बूट बाहेर काढा, रिकाम्या कवचात मोज्यासकट पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे हाताचं बोट घालून बघा. एक ते दीड बोट जागा हवी. दोन बोटं आरामात गेली तर बूट मोठा आहे. मग आतला बूट घालून नाड्या आवळा आणि दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवर दोन गोष्टी बघा. चढताना टाच आत वर-खाली होता कामा नये. उतरताना अंगठा पुढे आदळता कामा नये. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी अंगठ्याची बाजू घेते. टाचेच्या फोडाला टेप लावता येते. काळी पडलेली नखं घेऊन पाच-सहा तास उतरणं मात्र नको.

बूट घालून झाले की तपासणी. तळ आणि वरचा भाग यांच्यामधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबा. भेगा उमटल्या किंवा भुगा निघाला तर ठेवून द्या. जुन्या प्लॅस्टिकच्या कवचावर घोट्याच्या रिव्हेटपाशी पांढरट चिरा दिसल्या तरी ठेवून द्या, थंडीत ते तडकतं. क्रॅम्पॉन त्याच बुटावर, तिथेच, स्वतः बसवा. पट्टा न बांधता बूट उलटा करून हलवा. खुळखुळला किंवा पडला तर जोडी जमलेली नाही. "पट्टा बांधल्यावर बसेल, मॅडम," असं ऐकवतील. पट्टा हा नुसता खबरदारीसाठी असतो. आणि एक वस्तू घरून न्या: तुमचे स्वतःचे मोजे आणि इनसोल. भाड्याच्या बुटातला निम्मा परकेपणा त्याने जातो.

हे सगळं ज्ञान मी पाजळते आहे आणि माझे बूट मात्र विकतचे आहेत. कारण माझा पाय. युरोपियन ३७, म्हणजे आपला चार नंबर. वर चिपळूणला अंगणात अनवाणी वाढल्यामुळे चवडा रुंद. भाड्याच्या दुकानांत सगळा माल पुरुषांच्या मापाचा. "चार नंबर नहीं है मॅडम, छह नंबर ले लो, दो-तीन मोज़े पहन लो," हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलंय की त्यावर हल्ली मला हसू येतं. तीन मोजे घातले की पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि जास्तच गार पडतो. तेव्हा ज्या बायकांचे पाय माझ्यासारखे लहान आहेत, त्यांनी वरचा हिशेब बाजूला ठेवून सरळ पैसे साठवायला लागावं. कंपन्यांच्या साच्यांत फरक असतो: माझ्या पायाला ला स्पोर्टिवा बाजूंनी चावले, स्कार्पा त्या मानाने सैल वाटले. तुमचं उलटं होऊ शकतं. घालून बघितल्याशिवाय ऑनलाइन मागवू नका. लहान बुटाला क्रॅम्पॉन लावताना मधली पट्टी पुरेशी आखूड होते का तेही बघा. माझ्या पहिल्या क्रॅम्पॉनची पट्टी टाचेमागे बोटभर बाहेर यायची.

घेतलेच तर जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. कापडी पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि अधूनमधून घालून चालणं. मी बिल्डिंगचे जिने चढते, पाठीवर पाण्याचे कॅन भरलेली सॅक घेऊन. मे महिन्यात डोंबिवलीत गुडघ्यापर्यंत येणारे नारिंगी बूट घालून सात मजले चढणारी बाई पाहून वॉचमनकाका पहिल्या दिवशी लिफ्ट बंद पडली की काय ते बघून आले होते.

बुटांवर इतकं लिहिल्यावर अ‍ॅक्सला उरतं ते थोडंच, आणि ते तसंच असायला हवं. सर्वसाधारण गिर्यारोहणासाठी सरळ, फार तर वरच्या बाजूला किंचित बाक असलेल्या दांड्याची अ‍ॅक्स घ्या. डोकं स्टीलचं. एका बाजूला पिक म्हणजे टोकदार चोच, दुसऱ्या बाजूला अ‍ॅड्झ म्हणजे रुंद पातं, खाली स्पाइक म्हणजे टोक. तुम्ही फोटोत पाठवता ती बाकदार टूल्स उभ्या बर्फाच्या भिंतींसाठी आहेत. ती दांड्यापर्यंत बर्फात खुपसता येत नाहीत, आणि आपल्या उतारांवर अ‍ॅक्सचं मुख्य काम तेच असतं. डोक्यावर किंवा दांड्यावर वर्तुळात बी किंवा टी लिहिलेलं असतं. बी म्हणजे साधी, टी म्हणजे जास्त मजबूत. बी पुरते. अ‍ॅल्युमिनियमचं डोकं असलेल्या, पिसासारख्या हलक्या अ‍ॅक्स स्कीवाल्यांसाठी छान. कडक बर्फात पायऱ्या खोदायला गेलात तर त्या नुसत्या उसळतात.

लांबी. जुना नियम असा, की अ‍ॅक्सचं डोकं मुठीत धरून हात सरळ सोडला की स्पाइक घोट्याशी यावा. तो हल्ली थोडा लांब पडतो. उताराला उभार आला की लांब दांडा खांद्याशी येतो आणि खुपसायला जोर मिळत नाही. मी पाच फूट एक इंच, मला ५५ सेंटिमीटर बरोबर बसते. पाच-सहा ते पाच-नऊ उंचीच्यांना ६०. सपाट हिमनदीवर ती जमिनीला टेकत नाही अशी तक्रार येते. तिथे ट्रेकिंग पोल वापरा, तो आहेच.

एवढं पाहिलं की ब्रँडला फारसा अर्थ उरत नाही. १० ऑगस्ट १९५३ ला के-टूवर, सुमारे ७,५०० मीटरवर, अमेरिकन चमू आजारी आर्ट गिल्कीला खाली आणत होता. एक जण घसरला, दोर एकमेकांत गुंतले, पाच जण उतारावरून सुटले. पीट शोएनिंगने गिल्कीचा दोर आधीच एका गोठलेल्या दगडामागे रोवलेल्या अ‍ॅक्सवरून आणि स्वतःच्या कमरेभोवतून घेतलेला होता. त्याने एकट्याने सगळ्यांना धरलं. अ‍ॅक्सचा दांडा लाकडी होता. ती आता कोलोराडोत गोल्डन इथल्या संग्रहालयात आहे. तुमच्या हातातली आजची सगळ्यात स्वस्त प्रमाणित अ‍ॅक्सही तिच्याहून मजबूत असेल. शोएनिंगने ती कुठे रोवली, ते विकत मिळत नाही.

म्हणून तर अ‍ॅक्स स्वतःची असावी. अ‍ॅक्स घेतल्या दिवसापासून हाताला सवय लागायला हवी: डोकं कसं धरायचं, वळणावर हात कसा बदलायचा, घसरल्यावर पोटावर वळून, अ‍ॅड्झ खांद्याशी आणि दुसरा हात स्पाइकजवळ ठेवून पिकवर वजन कसं टाकायचं, क्रॅम्पॉन घातलेले असतील तर पाय वर कसे उचलायचे. कडक बर्फावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत हे झालं नाही तर मग होत नाही. त्या क्षणी हातात कालच भाड्याने घेतलेली अनोळखी लांबीची वस्तू नको. शिवाय किंमत बुटांच्या मानाने किरकोळ, आणि दमट हवेत तिला फार तर गंज चढतो. तेलाचा बोळा फिरवला की झालं. नवऱ्याला इथे हिशेब पटला.

लीश, म्हणजे मनगटाला अडकवायचा पट्टा, लावायचा की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. नवशिक्यांनी लावावा, नागमोडी चढताना कटकट वाटली तर काढावा. संपलं.

प्रवासात अ‍ॅक्स विमानाच्या चेक-इन सामानातच टाका. रेल्वेत सॅकला बाहेरून लटकवलीत तर पिक आणि स्पाइकवर रबरी टोप्या हव्यातच. नसतील तर बागेच्या पाइपचा तुकडा चिरून बसवा, माझा बरेच वर्षं टिकलाय. पिक बोथट झाला तर साध्या कानशीने, हाताने, मूळचा आकार सांभाळून घासा. ग्राइंडरला लावू नका. ठिणग्या उडेपर्यंत तापलं की स्टीलचं पाणी उतरतं आणि टोक मऊ पडतं. सायकलवर धार लावणारा दारात आला तर त्याला फक्त विळी द्या.